व्हीपीएस घेताना प्रोव्हायडर कसा पारखायचा

कुठल्याही होस्टिंग कंपनीचं व्हीपीएसच्या (म्हणजे इंटरनेटवर भाड्याने मिळणाऱ्या आभासी सर्व्हरच्या) प्लॅनचं पान उघडून बघा, २ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम, ८० जीबी एनव्हीएमई, ९९.९ टक्के अपटाइम, चोवीस तास सपोर्ट. आता दुसऱ्या कंपनीचं उघडा. आकडे जवळपास तेच, फक्त पानाचा रंग वेगळा. मग माणूस साहजिकच त्यातलं सगळ्यात स्वस्त उचलतो, नाहीतर ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं ते घेतो, आणि सहा महिन्यांनी लक्षात येतं की ज्या गोष्टीवर आपलं घोडं अडलंय ती त्या पानावर कुठेच लिहिलेली नव्हती.

मी गेली बरीच वर्षं छोट्यामोठ्या साइट आणि ॲप्सचे सर्व्हर सांभाळते, त्यात चार-पाच प्रोव्हायडर बदलून झाले, आणि एक गोष्ट मला पक्की कळलीय. सगळं सुरळीत चाललेलं असताना सगळेच प्रोव्हायडर चांगले वाटतात. डिस्क मेली, शेजारच्या सर्व्हरवर हल्ला झाला, रात्री दोनला साइट बंद पडली की मग कोण किती पाण्यात आहे ते दिसतं. त्यामुळे निवडताना प्रश्न विचारायचा तो हा की बिघडलं तर इथे काय होतं. आणि बरीचशी उत्तरं पैसे भरायच्या आधी किंवा पहिल्या आठवड्यातच मिळवता येतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी व्हीपीएस म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डेटा सेंटरमध्ये एक खरं दणकट मशीन असतं, त्याला नोड म्हणतात. त्यावर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर चालतं आणि ते त्या एका मशीनचे बरेच खोटे कॉम्प्युटर करून दाखवतं, त्यातला एक तुमचा, तोच तुमचा व्हीपीएस. तुमच्या सर्व्हरला वाटतं की आपण एकटेच आहोत, स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आहे, स्वतःची डिस्क आहे, रीबूट पण स्वतःचं. लिनक्समध्ये ही सोय केव्हीएम नावाने २००७ पासून कर्नलमध्येच आहे आणि आज बहुतेक चांगले प्रोव्हायडर केव्हीएमच वापरतात. दुसरा प्रकार कंटेनरचा, ओपनव्हीझेड वगैरे, त्यात सगळ्यांचा कर्नल एकच असतो, म्हणजे तुम्हाला स्वतःचा कर्नल टाकता येत नाही, काही व्हीपीएन किंवा डॉकरसारख्या गोष्टी अडतात, आणि रॅमसुद्धा जास्त सहज ‘ताणून’ विकता येते. स्वस्तातला प्लॅन दिसला की आधी हे विचारा, केव्हीएम आहे का. उत्तर गोलमोल आलं तर तिथेच पाणी मुरतंय.

आता ‘२ व्हीसीपीयू’ (म्हणजे दोन आभासी प्रोसेसर) या शब्दाकडे या. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी दोन कोर असा नसतो, एका व्हीसीपीयूमागे खऱ्या प्रोसेसरचा एक थ्रेड (काम चालवायची एक वाट) असतो, आणि हायपरथ्रेडिंग चालू असेल तर एका कोरचे दोन थ्रेड होतात. म्हणजे तुमचे २ व्हीसीपीयू मिळून कदाचित एकच कोर. आणि तो थ्रेडसुद्धा एकट्या तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो, तोच थ्रेड आणखी तीन-चार जणांना विकलेला असू शकतो. याला ओव्हरसेलिंग म्हणतात. ऐकून राग येतो पण तत्त्वतः त्यात फसवणूक नाहीये. जिमचा विचार करा, ४० मशीन असलेला जिम हजार जणांना मेंबरशिप देतो कारण हजार जण एकाच वेळी येत नाहीत, आणि म्हणूनच फी परवडते. बहुतेक व्हीपीएस पण दिवसभर रिकामेच बसलेले असतात. प्रश्न येतो तो प्रमाणाचा. हजार जणांना द्यायच्या जागी कुणी चार हजार जणांना दिली तर संध्याकाळी सहाला तुम्ही नुसते रांगेत उभे.

हे ओव्हरसेलिंग किती आहे ते कंपनी सहसा सांगत नाही, पण सर्व्हर स्वतः सांगतो. लिनक्समध्ये टॉप कमांड चालवली की वरच्या बाजूला सीपीयूची एक ओळ दिसते, त्यात युजर, सिस्टिम, आयडल वगैरेंचे आकडे असतात आणि सगळ्यात शेवटी ‘एसटी’ असं लिहिलेलं असतं. एसटी म्हणजे स्टील टाइम. अर्थ असा की तुमच्या सर्व्हरकडे काम तयार होतं, त्याला सीपीयू हवा होता, पण हायपरवायझरने त्या क्षणी सीपीयू दुसऱ्याला दिला. तुमच्या ताटातलं कुणी किती उचललं त्याचा हिशेब म्हणा ना.

मला याचा धडा असाच एका रात्री मिळाला. एका ओळखीच्या संस्थेची नोंदणीची साइट होती, दिवसभर मस्त चालायची, रात्री नऊनंतर एकेक पान उघडायला आठ-दहा सेकंद. मी आधी सगळा दोष आमच्याच कोडला दिला, दोन रात्री डेटाबेसच्या क्वेरी तपासल्या, इंडेक्स टाकले, कॅश लावली, काही फरक नाही. तिसऱ्या रात्री टॉप उघडून नुसती बघत बसले तेव्हा त्या शेवटच्या आकड्याकडे लक्ष गेलं. युजर ४०, सिस्टिम ८, आयडल १२, वेट २, आणि एसटी ३८. म्हणजे शंभरातला अडतीस टक्के वेळ आमचं काम तयार होऊन नुसतं खोळंबलेलं होतं. सकाळी परत बघितलं तर एसटी शून्य. मी तिकीट टाकलं (म्हणजे सपोर्टला लेखी तक्रार केली), स्क्रीनशॉट जोडला, वेळा लिहिल्या, आणि चौदा तासांनी उत्तर आलं की कृपया तुमच्या ब्राउझरची कॅश क्लिअर करून बघा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. परत लिहिलं तर म्हणे मोठा प्लॅन घ्या. मोठा प्लॅन त्याच नोडवर घेतला तर काय होणार, तिथली रांगच मोठी आहे. त्या आठवड्यात मी ठरवलं की इथून निघायचं. ते कसं झालं ते पुढे येईलच.

तर किती एसटी चालेल. मी असं धरते की एखाद-दुसरा टक्का अधूनमधून दिसला तर काही बिघडत नाही, शेअर्ड प्लॅन आहे, तेवढं होणारच. पण रोज ठराविक वेळी पाचाच्या वर जातोय आणि तासभर तिथेच राहतोय असं दिसलं तर त्या नोडवर गर्दी झालीय हे नक्की, आणि दहाच्या वर असेल तर मी थांबत नाही. एक बारीक गोष्ट इथे लक्षात ठेवायची, काही कंपन्यांचे ‘बर्स्ट’ प्लॅन असतात, म्हणजे थोडा वेळ पूर्ण सीपीयू वापरू देतात पण सरासरी मर्यादा ठरलेली असते. उदाहरणार्थ ॲमेझॉनच्या टी३ मायक्रो या छोट्या सर्व्हरमध्ये प्रत्येक व्हीसीपीयूचा पाया १० टक्के आहे, त्याच्यावर जे वापराल ते साठलेल्या क्रेडिटमधून जातं. अशा ठिकाणी एसटी वाढला तर तो शेजाऱ्यामुळे असेलच असं नाही, तुमचीच क्रेडिट संपलेली असतील. यात लपवाछपवी काही नाही, कागदोपत्री लिहिलेलं असतं, पण घेताना वाचायला पाहिजे. आणि तुमचं काम दिवसभर सीपीयू खाणारं असेल, व्हिडिओ बदलणं वगैरे, तर सरळ ‘डेडिकेटेड व्हीसीपीयू’ लिहिलेला प्लॅन घ्या, महाग पडेल पण डोक्याला ताप नाही.

डिस्कचं पण असंच. ‘एनव्हीएमई’ (वेगवान एसएसडी डिस्क) हा शब्द वाचून लोक खूश होतात, पण नोडमध्ये कितीही वेगवान डिस्क असली तरी ती साठ जणांत वाटलेली आहे, आणि काही ठिकाणी डिस्क नोडमध्ये नसतेच, नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधून येते. नेटवर्कवरची असणं वाईट नाही, उलट नोड मेला तर तुमचा डेटा सुरक्षित राहतो आणि सर्व्हर दुसऱ्या नोडवर उठवता येतो, पण प्रत्येक लिखाणाला थोडा जास्त वेळ लागतो. लोक मोठी फाइल कॉपी करून वेग मोजतात, त्याचा डेटाबेसवाल्यांना फारसा उपयोग नाही. डेटाबेसला लागतं ते बारीक बारीक तुकडे लिहून दरवेळी ‘खरंच डिस्कवर गेलं’ अशी खात्री करून घेणं. हे मोजायला एफआयओ नावाचं फुकट टूल आहे, त्यात चार केबीचे तुकडे, रँडम राइट, आणि प्रत्येक राइटनंतर एफसिंक (हीच ती डिस्कवर गेल्याची खात्री) असं सांगायचं आणि एका राइटला किती वेळ लागतो तो आकडा बघायचा. एक-दोन मिलिसेकंदांच्या आत असेल तर छान. २० मिलिसेकंद लागत असतील तर एकामागून एक सेकंदाला जेमतेम ५० नोंदी होतील, मग वर कितीही रॅम टाका. हे मोजमाप दोनदा करा, एकदा सकाळी आणि एकदा गर्दीच्या वेळी, आणि दोन-दोन मिनिटांच्या वर चालवू नका, कारण तुम्ही पण कुणाचे तरी शेजारी आहात.

रॅमबद्दल फार लिहीत नाही, केव्हीएमवर दिलेली रॅम बहुतेक वेळा मिळते.

अपटाइमच्या टक्क्यांकडे मात्र जरा थांबून बघू या, कारण इथे सगळ्यांची फसगत होते. ९९.९ टक्के म्हणजे जवळजवळ शंभरच असं वाटतं. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात, त्याचा हजारावा भाग म्हणजे ४३ मिनिटं. महिन्याला ४३ मिनिटं बंद राहिलं तरी त्यांनी वचन पाळलं. वर्षाला पावणेनऊ तास. ९९.९९ असेल तर महिन्याला साडेचार मिनिटंसुद्धा नाही. नुसतं ९९ म्हणणारा महिन्याला सात तास बंद ठेवू शकतो. आणि हे वचन मोडलं तर काय मिळतं ते एसएलए नावाच्या कागदात बारीक अक्षरात असतं. साधारण पद्धत अशी की त्या महिन्याच्या बिलाचा काही भाग पुढच्या बिलातून वजा होतो, तोही तुम्ही ठराविक दिवसांत तिकीट टाकून मागितला तर, आणि त्यातून ‘नियोजित देखभाल’ वगळलेली असते, बाहेरचा हल्ला वगळलेला असतो, कधीकधी नेटवर्क चालू होतं पण तुमचा नोड बंद होता तेही वगळलेलं असतं. तुमचं पाच तासांत जे नुकसान झालं त्याच्याशी या वजावटीचा काही संबंध नसतो. मी एसएलए वाचते ते पैसे परत मिळावेत म्हणून वाचत नाही, कंपनी कशाकशाची जबाबदारी अंगावर घ्यायला तयार आहे आणि कुठे हात वर करते ते त्यात स्वच्छ दिसतं म्हणून वाचते.

त्याहून जास्त मी वाचते ते स्टेटस पेज. बहुतेक कंपन्यांचं असतं, आत्ता सगळं हिरवं आहे हे दाखवणारं. त्याच्या खाली इतिहास असतो, तो उघडा आणि मागचं वर्षभर बघा. वर्षभरात एकही घटना नोंदवलेली नाही असं दिसलं तर मला आनंद होत नाही, शंका येते, कारण हजारो मशीन चालवणाऱ्या कुणाचंही वर्षभर काहीच बिघडलं नाही असं होत नाही. डिस्क जातात, राउटर अडकतात, फायबर तुटते. मला बघायचं असतं की घटना सुरू झाल्यावर किती मिनिटांत पहिली नोंद आली, मध्ये मध्ये काय चाललंय ते सांगत होते का, आणि संपल्यावर नेमकं कारण लिहिलं का. ‘अमुक स्विचचं फर्मवेअर अपडेट करताना दोन्ही बाजू एकदम रीस्टार्ट झाल्या, आता एकेक करून करणार’ असं लिहिणारी कंपनी मला आवडते, चूक झाली असली तरी. ‘काही ग्राहकांना तात्पुरती अडचण आली, आता सोडवली आहे’ एवढंच लिहिणारी कंपनी ताकास तूर लागू देत नाही, आणि तुमच्या वेळी पण देणार नाही.

आता बॅकअप, आणि इथे मी जरा कळकळीने लिहिणार आहे.

१० मार्च २०२१ ला मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी२ नावाची पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी१ चा काही भाग गेला, आणि आग विझवण्यासाठी सगळ्या परिसराची वीज बंद करावी लागली. नेटक्राफ्ट या वेबसाइटची गणती करणाऱ्या कंपनीच्या मोजणीप्रमाणे त्या वेळी ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. कंपनीच्या संस्थापकांनी सकाळी लोकांना सांगितलं की तुमचा आपत्तीसाठीचा प्लॅन चालू करा. ज्यांचा प्लॅन होता ते दुसऱ्या शहरात उभे राहिले. ज्यांचा नव्हता त्यांच्यासाठी बैल गेला नि झोपा केला. आणि सगळ्यात वाईट गत त्यांची झाली ज्यांनी पैसे भरून बॅकअपची सेवा घेतली होती आणि तो बॅकअप त्याच जागेत होता. त्यातले काहीजण कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने कंपनीला भरपाई द्यायला लावली, पण भरपाईने डेटा परत येत नाही.

म्हणून प्रोव्हायडरला विचारायचा प्रश्न ‘बॅकअप आहे का’ एवढाच नाही, तो बॅकअप कुठल्या इमारतीत आहे, किती दिवस ठेवता, आणि मी स्वतः तो उतरवून घेऊ शकते का, हे तिन्ही विचारायचं. स्नॅपशॉट आणि बॅकअप यातही लोक गल्लत करतात. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचं चित्र, अपडेट करायच्या आधी काढून ठेवायला झकास, पण बऱ्याच ठिकाणी तो त्याच नोडवर किंवा त्याच साठ्यात असतो, तो साठाच गेला तर दोन्ही गेलं.

आणि प्रोव्हायडर कितीही चांगला असला तरी एक प्रत त्याच्या हाताबाहेर असलीच पाहिजे. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती, लोकांचा सोर्स कोड सांभाळायची. जून २०१४ मध्ये त्यांच्या क्लाउडच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एक हल्लेखोर घुसला, पैसे मागितले, आणि कंपनी त्याला बाहेर काढायला लागल्यावर त्याने एकेक करून सर्व्हर, डिस्क, बॅकअप सगळं डिलीट केलं. साधारण बारा तासांत खेळ खलास, कंपनी बंद करावी लागली. त्यांच्याकडे बॅकअप होते, पण सगळे एकाच खात्यात, एकाच पासवर्डच्या मागे. यात प्रोव्हायडरची काही चूक नव्हती. त्यामुळे माझा रोजचा डेटाबेस डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) दुसऱ्याच कंपनीकडे जातो, वेगळं खातं, वेगळी किल्ली, आणि सर्व्हरला तिथे फक्त नवीन फाइल टाकायची परवानगी आहे, जुनी पुसायची नाही. दोन्ही खात्यांना टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरा पुरावाही मागणारं कुलूप) लावलेलं आहे. हे सगळं उभं करायला एक दुपार लागते.

बॅकअप उलगडून बघणं हे त्याहून कंटाळवाणं काम आहे आणि तेच राहून जातं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सोर्स कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनियरने रात्री उशिरा चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं, साधारण ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले तेव्हा कमांड थांबवली. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचे डंप व्हर्जन जुळत नसल्यामुळे कितीतरी दिवस बनतच नव्हते, आणि ते फेल झाल्याचे ईमेलसुद्धा कुणापर्यंत पोचत नव्हते. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक स्नॅपशॉट काढून ठेवला होता म्हणून निभावलं. इतक्या हुशार लोकांचं असं होऊ शकतं, तर आपण तीन महिन्यांतून एकदा एक रिकामा सर्व्हर तासाभरासाठी घेऊन त्यावर बॅकअप चढवून साइट उघडते का बघायलाच पाहिजे.

सपोर्टची परीक्षा विकत घ्यायच्या आधीच करता येते. मी रात्री उशिरा किंवा रविवारी एक तिकीट टाकते, आणि मुद्दाम असा प्रश्न विचारते ज्याचं उत्तर छापील नसतं. ‘नोडची डिस्क मेली तर तुमच्याकडे रेड (तोच डेटा एकाहून जास्त डिस्कवर ठेवायची सोय) आहे का आणि माझा सर्व्हर परत उठायला साधारण काय क्रम असतो’, ‘रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) मला पॅनेलमधून बदलता येतं की तिकीट टाकावं लागतं’, ‘मी फायरवॉलने स्वतःलाच बाहेर काढलं तर आत कसं यायचं’. उत्तर किती मिनिटांत आलं याला मी फार महत्त्व देत नाही, तीन तासांनी आलं पण लिहिणाऱ्याने प्रश्न वाचलेला दिसतोय, तर तो सपोर्ट चांगला. दोन मिनिटांत आलं आणि त्यात नुसती लिंक चिकटवलेली आहे, तर अडचणीच्या वेळी पण लिंकच मिळणार.

तो शेवटचा प्रश्न मी अनुभवाने विचारते. फायरवॉलचे नियम बदलताना मी एकदा आधी सगळं बंद केलं आणि एसएसएचचा पोर्ट (लांबून सर्व्हरमध्ये शिरायचं दार) उघडायची ओळ त्याच्या नंतर होती. एंटर दाबलं आणि टर्मिनल गोठलं. साइट बंद, मी बाहेर, दार आतून लावलेलं. त्या प्रोव्हायडरच्या पॅनेलमध्ये ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल होता, म्हणजे जणू सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून समोर बसल्यासारखं, त्यात सर्व्हरचं नेटवर्क लागतच नाही. लॉगिन केलं, नियम पुसले, चार मिनिटांत परत चालू. हा कन्सोल आणि त्याच्या जोडीला रेस्क्यू मोड, म्हणजे तुमचा सर्व्हर बाहेरच्या छोट्या सिस्टिमवर उठवून डिस्क दुरुस्त करायची सोय, हे दोन्ही नसतील तर तो प्लॅन मी फुकट दिला तरी घेणार नाही.

नेटवर्कमध्ये पहिली गोष्ट अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसते म्हणून प्रत्यक्षात जास्तच. ८,००० किलोमीटर लांब सर्व्हर असेल तर प्रत्येक फेरीला कमीत कमी ८० मिलिसेकंद, आणि सुरक्षित कनेक्शन जोडून पानाचा पहिला तुकडा यायला अशा तीन फेऱ्या लागतात, म्हणजे तुमच्या कोडचा वेळ न धरताच पाव सेकंद गेला. हे कुठलाच प्रोव्हायडर कमी करू शकत नाही, त्यामुळे तुमचे वाचक जिथे आहेत त्याच्या जवळचं डेटा सेंटर घ्या. बऱ्याच कंपन्या चाचणीसाठी आयपी देतात, त्याला तुमच्या लोकांच्या मोबाइल नेटवर्कवरून पिंग करा (फेरीला लागणारा वेळ कळतो), एमटीआर चालवा (वाटेत कुठे अडतं ते दिसतं), ऑफिसच्या भारी लाइनवरून नको.

‘अनलिमिटेड ट्रॅफिक’चा हिशेब पण एकदा करून ठेवा. महिन्याला १ टीबी म्हणजे चोवीस तास सतत ३ एमबीपीएस, इतकंच. साध्या साइटला तेवढं पुष्कळ होतं. अनलिमिटेड म्हणणाऱ्यांच्या नियमावलीत ‘योग्य वापर’ असा एक परिच्छेद सापडतोच, त्यात आकडा दिलेला असेल तर ठीक, नसेल तर आकडा त्यांच्या मनात आहे. आणि मर्यादा ओलांडली की काय होतं ते बघा, वेग कमी करतात, की बंद करतात, की गुपचूप बिल वाढतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट.

तुमच्यावर किंवा तुमच्या आयपीवर डीडॉस हल्ला (एकदम पुष्कळ मशीनवरून खोट्या ट्रॅफिकचा मारा) झाला तर काय करता हेही विचारा. बरेच स्वस्त प्रोव्हायडर तुमचा आयपी नल-रूट करतात, म्हणजे तुमच्याकडे येणारं सगळंच ट्रॅफिक फेकून देतात, बाकीच्यांचं नेटवर्क वाचावं म्हणून. त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे, पण किती वेळासाठी करतात, आणि तुम्हाला कळवतात का, ते आधी माहीत असलेलं बरं.

मेल पाठवायचे असतील तर अजून एक. आयपीव्ही४ चे पत्ते (मशीनचे जुन्या पद्धतीचे इंटरनेट नंबर) कधीचेच संपलेत, जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, त्यामुळे तुम्हाला मिळणारा आयपी बहुतेक वेळा आधी कुणीतरी वापरलेला असतो, आणि त्याने त्यावरून स्पॅम पाठवलं असेल तर त्याची बदनामी तुमच्या वाट्याला येते. सर्व्हर मिळाल्या मिळाल्या स्पॅमहाउससारख्या बदनाम आयपींच्या यादीत तो आयपी शोधून बघा, नाव निघालं तर लगेच बदलून मागा. पोर्ट २५ (सर्व्हरवरून मेल बाहेर पाठवायचं दार) बऱ्याच ठिकाणी बंद असतो, आणि खरं सांगायचं तर तो बंद ठेवणारा प्रोव्हायडर बाकीच्या आयपींची काळजी घेतोय.

प्रोव्हायडर नेमका आहे कोण, हाही शोध घ्यायचा. बऱ्याच कंपन्या स्वतःची मशीन ठेवत नाहीत, मोठ्याकडून भाड्याने घेऊन आपल्या नावाने विकतात. त्यात गैर काही नाही, पण बिघाड झाला की तुम्ही त्यांना सांगणार, ते वरच्याला सांगणार, आणि वरच्याचं बिल त्यांनी थकवलं तर तुमचा सर्व्हर एका सकाळी नाहीसा. चाचणीचा आयपी हूइजमध्ये टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. आणि ‘टॉप १० होस्टिंग’च्या याद्या वाचताना एवढं ध्यानात ठेवा की होस्टिंगवाले नवीन ग्राहक आणून देणाऱ्याला चांगलं कमिशन देतात, त्यामुळे त्या यादीतला क्रम कशाने ठरलाय हे आपल्याला कळायला मार्ग नाही. मी त्यापेक्षा लोकांच्या तक्रारी वाचते आणि कंपनीने त्यावर काय उत्तर दिलं ते बघते. तीन वर्षांचे पैसे एकदम भरा म्हणजे अर्ध्या दरात देतो, असं म्हणणाऱ्याकडे सुरुवातीला तरी महिन्याच्याच हिशेबाने घ्या. तासाच्या हिशेबाने मिळत असेल तर उत्तम, आठवडाभर चालवून, एसटी आणि डिस्क मोजून, नाही पटलं तर सोडून देता येतं.

मॅनेज्ड घ्यायचा की अनमॅनेज्ड, याचं उत्तर सोपं आहे. अनमॅनेज्डमध्ये सिक्युरिटी अपडेट, फायरवॉल, लॉग, सगळं तुमच्यावर. ते दर आठवड्याला कोण करणार त्या माणसाचं नाव तुम्हाला आत्ता सांगता येत नसेल तर मॅनेज्ड घ्या.

आणि राहिली निघून जायची सोय. डोमेन कधीही होस्टिंगवाल्याकडे ठेवू नका, वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) ठेवा, नाहीतर भांडण झालं की दोन्ही त्याच्याच हातात. सर्व्हरवर काय काय टाकलंय, कुठली सेटिंग बदललीय, ते सगळं एका स्क्रिप्टमध्ये किंवा निदान एका फाइलमध्ये लिहून ठेवा. ज्या प्रोव्हायडरच्या खास सोयींशिवाय तुमची साइट उभीच राहू शकत नाही त्याच्याशी बोलताना तुमचा आवाज आपोआप खाली येतो.

त्या एसटी ३८ वाल्याकडून मी निघाले तेव्हा हीच तयारी कामाला आली. नवीन ठिकाणी तासाच्या हिशेबाने सर्व्हर घेतला, तीन रात्री नऊनंतर टॉप चालू ठेवली, एसटी शून्य पॉइंट काहीतरीच्या वर गेला नाही. मग डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणला, म्हणजे बदल पाच मिनिटांत बहुतेक ठिकाणी पोचेल. फाइल आरसिंकने (फाइल कॉपी करायच्या टूलने) आधीच नेऊन ठेवल्या. पहाटे चारला साइटवर देखभालीची पाटी लावली, डेटाबेसचा शेवटचा डंप नेला, नव्या सर्व्हरवर चढवला, डीएनएसचं रेकॉर्ड बदललं, अकरा मिनिटांत साइट परत चालू. जुना सर्व्हर लगेच बंद केला नाही, ज्यांच्याकडे जुना पत्ता अडकून बसला असेल त्यांच्यासाठी तिथून नवीनकडे पाठवायची ओळ टाकून आठवडाभर तसाच ठेवला. रोज त्याचे लॉग बघत होते. चौथ्या दिवशी त्यात फक्त बॉट उरले होते. सातव्या दिवशी डिस्क पुसली, कॅन्सलचं बटण दाबलं, आणि त्या रात्री नोंदणीचं पान फोनवर उघडून बघितलं, सव्वानऊ वाजले होते, एका सेकंदाच्या आत उघडलं.